पहिल्या सॉकेटचा मान

जालन्यात माझा आवाज रोज फिरतो आणि मला तिथं कुत्रं ओळखत नाही. साड्यांचा सेल, नव्या दवाखान्याचं उद्घाटन, हरवलेली म्हैस, घंटागाडीची सूचना, निवडणूक आली की एकमेकांना पाण्यात पाहणारे दोन्ही उमेदवार, सगळे माझ्याच तोंडून बोलतात. बदनापुरात स्टेशनच्या अंगाला आमचं दोन खोल्यांचं घर आहे. आतल्या खोलीत टेबलावर कॉम्प्युटर, एक माईक आणि भिंतीला टांगलेल्या तीन जुन्या गोधड्या, एवढाच माझा कारखाना. रिक्षावरच्या भोंग्यासाठी जाहिराती भरून द्यायच्या, हा माझा धंदा. रेल्वे आली की थांबायचं, ती गेली की पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचं. माझ्या नवऱ्याला हा अजूनही माझा नाद वाटतो. असो.

हे मी स्वतःच्या कौतुकासाठी सांगत नाही. माझ्या हातून एका माणसाचा आवाज पुसला गेला. तो कसा पुसला गेला हे कळायचं तर आधी माझी यंत्रं थोडी कळली पाहिजेत. फार वेळ घेणार नाही. मलाही आता त्यांचा वीट आलाय.

माईक थेट कॉम्प्युटरला लावता येतो, पण मग आवाज पत्र्याच्या डब्यात बसून बोलल्यासारखा येतो. म्हणून मध्ये एक छोटी डबी लागते. तिला पुढून दोन सॉकेट असतात, म्हणजे दोन माईक लावता येतात. मागून एक वायर कॉम्प्युटरला जाते, आणि हेडफोन त्या डबीलाच लागतो. पहिल्या सॉकेटचा आवाज डाव्या कानाचा, दुसऱ्याचा उजव्या कानाचा. मी बोलणारी एकटी, त्यामुळे माझा माईक कायम पहिल्या सॉकेटला. हे सगळं मला आज तोंडपाठ आहे. डबी नवीन घेतली तेव्हा यातलं काही म्हणजे काही माहीत नव्हतं.

डबी आल्यावर पहिलीच जाहिरात जुन्या जालन्यातल्या एका कापड दुकानाची होती. भरली, ऐकली, पाठवली. ऐकताना आवाज डाव्या कानातच येत होता, पण मला वाटलं, हेडफोनच म्हातारा झालाय. दुसऱ्या दिवशी दुपारी दुकानदाराचा फोन. घरी उर्दू बोलणारा माणूस, मला बाजी, म्हणजे ताई, म्हणायचा. "बाजी, रिक्षा सकाळपास्नं फिरून राह्यली अन् भोंग्यातून नुस्तं सुंई सुंई. बिलकुल आवाज न्हाई. लोकं हसून राह्यले." त्या रिक्षाच्या मशीनला उजव्या बाजूचीच वायर जोडलेली होती आणि मी सगळीच्या सगळी डाव्या बाजूला. आमची गाठच पडली नाही. अर्धा दिवस ती रिक्षा बाजारातल्या गल्ल्यांतून मुक्यानं फिरली.

मग चार दिवस मी त्या डाव्या कानाच्या मागे हात धुऊन लागले. वायर बदलली. हेडफोन बदलला. माईक दुसऱ्या सॉकेटला लावला, तर आवाज उठून उजव्या कानात गेला आणि डावा रिकामा. शेवटी हेडफोन उलटा घालून पाहिला, इतकी मी वैतागले होते. सगळं पिशवीत भरून जालन्याला एका दुरुस्तीवाल्याकडे नेलं. त्यानं पिशवीत न डोकावता सांगितलं, "विंडोज मारावी लागंल." या लोकांना काहीही दाखवा, विंडोजच मारावी लागते. शेवटी हिंदीतल्या एका व्हिडिओत कुणीतरी दोन वाक्यांत सांगून टाकलं. रेकॉर्डिंगच्या प्रोग्राममध्ये 'स्टिरिओ' आहे ते 'मोनो' करा. मग तो एकच आवाज घेतो आणि दोन्ही कानांत सारखा वाटून देतो. केलं. दोन्ही कानांत मी! इतका आनंद झाला की मॉनिटरच्या कडेला कागद चिकटवला, 'मोनो. कुणीही हात लावू नये.' घरात हात लावणारं तसंही कुणी नव्हतं.

एकच आवाज घेतो, तर दोघांतला कोणता घेतो, हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही. माझ्याकडे माईकच एक होता.

माझं माहेर भोकरदनकडचं. आमच्यात आधी मेंढरं होती. आता थोडी शेती आणि दावणीला शेळ्या. माझे वडील, त्यांना आम्ही आप्पा म्हणतो, ओव्या म्हणतात. जात्यावरच्या नव्हेत. मेंढरं राखणाऱ्यांच्या, देवाच्या, रात्र रात्र चालणाऱ्या, जत्रेत एक कान हातानं झाकून म्हणायच्या ओव्या. आणि आप्पांच्या मागे त्यांचे धाकटे भाऊ, म्हणजे माझे काका, झील धरायचे. पुढच्यानं ओळ टाकायची, मागच्यानं तिचे शेवटचे शब्द उचलून लांबवायचे, आणि तेवढ्यात पुढच्यानं दम खायचा. तसली झील. चाळीस वर्षं आप्पांनी ओळ टाकली आणि काकांनी शेवट उचलला. फेटा आप्पांना, नारळ आप्पांना, चहाचा पहिला कप आप्पांना. आप्पा मध्येच अडले की काका खालच्या आवाजात पुढचा शब्द सरकवायचे. ते फक्त शेजारी बसलेल्याला कळायचं. मला कळायचं, कारण मी लहानपणी काकांच्या मांडीवर बसलेली असायचे. गावातल्या बाया काकूला 'झिलकऱ्याची' म्हणायच्या. ती हसायची. आणखी काय करणार होती?

गेल्या वर्षी काकांचा आवाज बसला आणि उठलाच नाही. आधी काढे झाले, मग इंजेक्शनं झाली, मग संभाजीनगरच्या एका दवाखान्यात दुर्बीण घालून बघितलं. घशात गाठ होती. डॉक्टरांनी सरळ सांगितलं, स्वरयंत्र काढावं लागेल. माणूस वाचेल, आवाज जाईल. ऑपरेशनची तारीख मिळाली त्या दिवशी मला काकूचा फोन आला.

"बाई, तुझ्याकडं आवाज भरायचं मशीन हाय ना? त्यांचा आवाज भरून ठेव. फोटू काय, सगळ्यांचेच ऱ्हातेत."

मी हो म्हणाले. तिला तेवढ्यानं धीर येईना. "का मोबाईलवरच भरू मी? शेजारीण म्हणती, त्याच्यात बी येतंय."

"मोबाईलवर कशाला, काकू? मी काय मेले का?" मी म्हणाले. हे माझे शब्द मला जसेच्या तसे आठवतात, आणि आठवले की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

ठरलं असं की काकांना ॲडमिट करायला दोघं भाऊ निघतील तेव्हा वाकडी वाट करून जालन्यावरून बदनापूरला येतील, माझ्याकडे दोन-तीन तास थांबतील आणि मग संभाजीनगरची बस धरतील. काकू शेळ्यांची सोय लावून दुसऱ्या दिवशी थेट दवाखान्यात जाणार होती. म्हणजे जिनं आवाज भरून मागितला तीच भरताना नव्हती.

ते आले त्या दिवशी मी सकाळीच सगळं मांडून ठेवलं होतं. पंखा बंद, फ्रीज बंद, खिडकीला गादी उभी केलेली. पहिल्या सॉकेटला माझा चांगला माईक आणि त्याच्यासमोर खुर्ची. काकांना त्या खुर्चीवर बसवलं. त्यांचा आवाज आता फाटलेल्या कापडासारखा झाला होता. दोन हातांवरूनही नीट ऐकू यायचा नाही. म्हणून माईक अगदी ओठांशी लावला. आणि मी म्हणाले, "हं, काका. म्हणा."

काकांनी आप्पांकडे पाहिलं.

"म्हणा ना."

"एकट्यानं काय म्हणू, बाई? आदी थोरल्यानं म्हणायचं असतंय. मंग आपुन."

मी समजावलं. इथं जत्रा नाही, देव नाही, कुणी बघत नाही. पण ते बधेनात. थोरला समोर बसलेला असताना धाकट्यानं पहिली ओळ टाकायची, हे त्यांच्या जिभेवरच येत नव्हतं. आप्पा पलंगावर बसून आमचं ऐकत होते. त्यांनीही 'म्हण रे, म्हण' असं काही म्हटलं नाही. ते घसा खाकरायला लागले होते.

बरं, मग दोघंही म्हणा. मी कपाटातून जुना माईक काढला. तो थेट कॉम्प्युटरला लावायचा माईक होता, त्याला वायर जोडून दुसऱ्या सॉकेटला घातला. आणि मग मी जे केलं ते सांगते. मी म्हणाले, "काका, जरा उठा. इथं आप्पांना बसू द्या."

का म्हणाले? कुणी सांगितलं नव्हतं. आप्पांनी खुर्ची मागितली नव्हती. चांगला माईक, चांगली खुर्ची, पहिलं सॉकेट, हे थोरल्याचं, एवढंच. ताटं वाढताना हात आपोआप ज्या क्रमानं जातो त्या क्रमानं माझा हात गेला. ताटांच्या त्या क्रमावरून मी माहेरी आणि सासरी मिळून किती भांडले असेन याची गणती नाही. पुरुष आधी, त्यातही थोरले आधी, बाया शेवटी, यावरून मी एकदा दोन दिवस जेवले नव्हते. तीच मी. काका लगेच उठले. उठायची त्यांना सवयच होती. ते जुन्या माईकसमोर स्टुलावर बसले, आणि दोघांचे आवाज एकमेकांत मिसळू नयेत म्हणून मी मधल्या दोरीवर एक जाड गोधडी टाकली.

मग सगळ्यांचे मोबाईल बंद करायला लावले. मोबाईलची खरखर माईकमध्ये येते, असं मी मोठ्या रुबाबात सांगितलं. आप्पांचा, काकांचा, माझा, तिन्ही मोबाईल बाहेरच्या खोलीत टीव्हीवर नेऊन ठेवले. त्यातल्या एकावर जरी रेकॉर्डिंग चालू ठेवलं असतं!

हेडफोन लावला. डाव्या कानात आप्पा, उजव्या कानात काका. स्वच्छ. काकांचा श्वाससुद्धा येत होता. मला वाटलं, या कामात आपला हात कुणी धरणार नाही. मला तेव्हा हे उमगलंच नाही की हेडफोन डबीला लावलाय. डबी दोन्ही माईकचे आवाज थेट माझ्या कानांत सोडत होती. कॉम्प्युटर काय घेतोय हे वेगळंच प्रकरण होतं, आणि कॉम्प्युटरला मी कधीच सांगून ठेवलं होतं की एकच घे. तो पहिल्या सॉकेटचं घेत होता. तेवढंच. स्क्रीनवर आवाजाची एकच पट्टी सरकत होती, पण मी वर्षानुवर्षं एकच पट्टी बघत आले होते. आणि त्या दिवशी मी स्क्रीनकडे पाठ करून त्या दोघांकडे बघत बसले होते.

चार ओव्या झाल्या. आप्पा ओळ टाकत होते, काका झील धरत होते. काकांना त्रास होत होता. मानेच्या शिरा ताठ व्हायच्या. पण एकही झील चुकली नाही. चौथ्या ओवीनंतर आप्पांना ठसका लागला आणि ते पाणी प्यायला लागले. माझ्या डोक्यात काय आलं कोण जाणे, मी म्हणाले, "काका, आता ही तुम्ही म्हणा. आप्पा झील धरतील."

"मी?" आप्पा म्हणाले. "मी झील धरू?"

"धरा ना, आप्पा. आज त्यांचा दिवस आहे."

आप्पा हसले. ते हसणं मला आवडलं नाही, पण त्यांनी मान हलवली. "म्हण रं मंग. बघू तरी."

थोरल्यानं सांगितलं म्हटल्यावर काकांची अडचण उरली नाही. त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली, डाव्या कानावर हात धरला आणि म्हणाले. माळावरच्या लिंबाखाली कळप माझा ईसावला. इतकीच ओळ, पण ती त्यांनी अशी सावकाश टाकली की शेवटचा शब्द खाली बसेपर्यंत मला श्वास घेता येईना. आवाज फाटका. पण शब्दांसाठी त्यांना कुठं थांबावं लागलं नाही. चाळीस वर्षं दुसऱ्याला पुरवलेले शब्द त्या दिवशी ते स्वतःसाठी वापरत होते. आणि आप्पा, जत्रेतले एवढे नावाजलेले आप्पा, झिलेला चुकत होते. एकदा उशिरा आले, एकदा आलेच नाहीत. ओळ संपून गेल्यावर भानावर यायचे आणि मोठ्यानं "ईसावला" म्हणायचे. काकांनी त्यांना दोनदा हातानं खूण केली, आता. माझ्या डोळ्यांना पाणी आलं. मी ते पुसलं नाही, कारण हललं की खुर्ची कुरकुरते.

ओवी संपल्यावर काकांनी टोपी घातली आणि म्हणाले, "झालं, बाई." चेहरा असा उजळला होता की ते दवाखान्यात निघालेत हे मी विसरून गेले. पुढच्या दोन ओव्या पुन्हा नेहमीसारख्या झाल्या. आप्पा पुढे, काका मागे.

बसची वेळ होत आली होती. आप्पांचं "जल्दी कर, जल्दी कर" सुरू झालं. मी नीट आलंय का हे बघायला पहिली फाईल उघडून सुरुवातीचं थोडंसं ऐकलं. सुरुवात आप्पांची. खणखणीत. झिलेपर्यंत मी थांबलेच नाही. बंद केलं आणि त्यांना स्टँडवर सोडायला गेले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी काकूचा दवाखान्यातून फोन आला. ऑपरेशन दुसऱ्या सकाळी व्हायचं होतं. ती हळू आवाजात बोलत होती.

"बाई, हे सारखं एकच सांगून राह्यलेत. म्हणतेत, काल मी पहिलं म्हणलो अन् दादानं माझी झील धरली. मी म्हणले, गप ऱ्हावा, घशाला ताण नका देऊ. खरं का गं?"

"खरं आहे, काकू."

ती म्हणाली, "मला काही पटत न्हाई. ऐकल्याबिगर पटायचं न्हाई. तू ठेवलंय ना बराबर?"

"ठेवलंय," मी म्हणाले.

ऑपरेशन नीट झालं. काका वाचले. पाचव्या दिवशी दुपारी मी त्या फायली साफसूफ करायला बसले. पाचवी फाईल लावली. सुरुवातीला काहीच नाही. आप्पांचा पाणी पिण्याचा आवाज, ग्लास ठेवल्याचा आवाज. मग लांबवर, गोधडीच्या पलीकडे, कुणीतरी काहीतरी पुटपुटल्यासारखं. आणि मग एकदम मोठ्यानं, उशिरा, "ईसावला." पुन्हा पुटपुट. पुन्हा आप्पा. अख्खी ओवी तशीच. मला आधी वाटलं, माझा उजवा कान गेला. हेडफोन काढून घातला. मग मॉनिटरच्या कडेचा तो कागद दिसला, 'मोनो.'

सातही फायली लावून पाहिल्या. आप्पा, आप्पा, आप्पा. झिलेच्या जागी सगळीकडे खड्डा.

पुढचे कित्येक दिवस मी त्या पुटपुटीच्या मागे लागले. आवाज वाढवला, तर त्याच्याबरोबर आप्पांचा श्वास, खुर्चीची कुरकुर आणि लांबून जाणारी मालगाडी वाढली. खरखर काढणारं सॉफ्टवेअर लावलं, तर त्यानं काकांनाच खरखर समजून काढून टाकलं. इंटरनेटवरच्या एका गटात विचारलं. तिथं दहा जणांनी आधी मला अक्कल शिकवली की दोन माईक असतील तर स्टिरिओ ठेवायचं, आणि मग एकानं लिहिलं, जे आत आलंच नाही ते बाहेर कसं निघणार? मी त्याला एक सणसणीत उत्तर लिहिलं आणि पुसलं. त्याचं काय चुकलं होतं?

काकूचा फोन आला की मी म्हणायचे, काम चालू आहे. आवाज साफ करते आहे. असं दीड महिना म्हटलं. मी भित्री आहे हे मला तोवर माहीत नव्हतं.

मग काका तपासणीसाठी गेले. परत येताना तिघंही माझ्याकडे उतरले. काका, काकू आणि आप्पा. काकांच्या गळ्याला भोक होतं आणि त्यावर पांढरा रुमाल. ते वाळले होते, पण डोळे तेच. आल्या आल्या त्यांनी आतल्या खोलीकडे बोट केलं. काकू म्हणाली, "त्याच्यासाठीच आलेत बघ. चहा मागून कर."

मी त्यांना आत नेलं. काकू पलंगाच्या कडेला पदर सावरून बसली, कारण आप्पा समोर होते आणि थोरल्या दिरासमोर ती अजूनही मोकळी बसत नाही. मी म्हणाले, "काका, काकू, आधी ऐका. माझ्या हातून चूक झाली आहे. आवाज नीट आला नाही." काकांनी हात हलवला. लाव. मी पहिली फाईल लावली. आप्पांचा आवाज खोलीभर झाला आणि ते मान डोलावायला लागले. "बराबर आलंय की," ते म्हणाले. "काय चूक? सगळं आलंय." ओळ संपली, झिलेची जागा आली, आणि काकांचं तोंड उघडलं. सवयीनं. फक्त रुमाल जरासा हलला. मी स्पीकरकडे बघत राहिले.

चार ओव्या तशाच गेल्या. काकूला अजून काही कळलं नव्हतं. झिलेच्या वेळी ती पुढे वाकायची, ऐकायला. मग काकांनी पाच बोटं दाखवली आणि काकूच्या हाताला हात लावला, आता ऐक म्हणून. मला ती फाईल लावायची नव्हती. मी लावली.

ग्लास. पुटपुट. "ईसावला."

काकू ऐकत होती. तीन-चार वेळा "ईसावला" झाल्यावर ती हळूच म्हणाली, "ह्याच्यात तर थोरलेच हायेत." मग माझ्याकडे वळून, "तुझ्या आप्पाला विचार की, बाई. त्या दिवशी पहिलं कुणी म्हणलं?" आप्पा हातभर अंतरावर होते. पण ती त्यांना स्वतः विचारणार नव्हती, आणि तिनं विचारलेलं त्यांना ऐकू गेलंच होतं.

आप्पांनी स्पीकरकडे पाहिलं. त्यातून त्यांचाच आवाज येत होता. मग ते म्हणाले, "नेहमीसारखंच की. मी म्हणलो, त्यानं धरली झील."

त्यांना आठवत होतं. मी त्यांची मुलगी आहे, मला त्यांचं तोंड वाचता येतं. ते आयुष्यात एकदा झिलेला बसले आणि तिथं चुकले. आणि यंत्रानं त्यांची ती फजिती पुसून दिली होती. फक्त होकार द्यायचा होता. त्याबद्दल मी त्यांना माफ केलेलं नाही आणि करणार नाही. सणाला जाते, पाया पडते, बोलते. पण केलेलं नाही.

काका उठले. त्यांनी आप्पांकडे बोट केलं, मग स्वतःच्या छातीवर तळहात आपटला. एकदा, दोनदा, जोरात. तोंड उघडलं. गळ्यातून नुसती हवा आली आणि रुमाल फडफडला.

"दुखून राह्यलं का?" काकू घाबरून उठली. तिनं त्यांचा हात धरून खाली घेतला, रुमाल नीट केला. "बसा, बसा. ताण नका देऊ."

"दुखत नाहीये, काकू!" मी ओरडलेच. "ते सांगताहेत की त्यांनी म्हटलं. खरंच म्हटलं. मी होते इथं. आप्पांनी झील धरली आणि तीसुद्धा चुकीची धरली. मशीन माझंच चुकलं. मी त्यांना चांगल्या माईकसमोरून उठवलं, म्हणून आवाज आला नाही."

आप्पा उठून बाहेरच्या खोलीत गेले. काकूनं माझ्या डोक्यावरून हात फिरवला. तिला मशीनमधलं काही कळत नव्हतं आणि स्पीकर अजून चालूच होता. "असू दे, माय," ती म्हणाली. "तुझी चुलत्यावर लई माया, मला म्हाईत न्हाई का? त्यांच्या समाधानासाठी बोलून राह्यलीस. असू दे. मला काय, पहिले असले काय अन् मागचे असले काय." मग तिनं पदराआडून आपला साधा मोबाईल काढून माझ्यासमोर धरला. "ह्याच्यातली त्यांची झील तेवढी काढून दे. तेवढीच ऐकत जाईन."

मी मोबाईल हातात घेतला आणि म्हणाले, "देते, काकू. दोन दिवसांत देते."

काकांनी त्या पाच फायली ऐकल्या होत्या, त्यात झील कुठंच नाही हे त्यांना माहीत होतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि दाराशी जाऊन चपला शोधायला लागले.